शेण नसलेला गोठा

आमच्या चाळीत इंग्रजी पिक्चर नुसता बघत नसत, तो सांगावा लागे. रविवारी संध्याकाळी चौकात भाड्याचा रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर यायचा, गणपती मंडळाचा लाऊडस्पीकर बाहेर निघायचा आणि टीव्हीच्या बाजूला स्टुलावर माइक घेऊन कुणीतरी बसायचं. पिक्चरमधली माणसं इंग्रजीत बोलू लागली की टीव्हीचा आवाज बारीक करायचा आणि सांगणाऱ्यानं ते मराठीत सांगायचं. आधी हे काम पोस्टात असलेले एक गृहस्थ करत. त्यांचं इंग्रजी बेताचं, कल्पनाशक्ती मात्र दांडगी. त्यांच्या तोंडून सगळे गोरे खलनायक शेवटी "चुकलो भाऊ, पोरांना सांभाळ" म्हणत मरायचे. मी कॉलेजात इंग्रजी घेतलं आणि माइक माझ्याकडे आला. मी ऐकलं तेच सांगायची. पिक्चरची मजा गेली अशी तक्रार झाली, पण माइक कुणी काढून घेतला नाही.

हे घाटकोपरला, पश्चिमेच्या डोंगरउतारावरच्या चाळीत. खाली आग्रा रोडवर, विक्रोळीच्या बाजूला, सायकलचे हँडल आणि मडगार्ड बनवून त्यांना चकाकी देणारा एक कारखाना होता. चाळीतले निम्मे पुरुष तिथे कामाला होते. माझे वडील तिथे फिटर होते आणि युनियनचे सेक्रेटरी. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्यांच्या पत्रकांवर. "कामगार बंधूंनो" हे मला सलग वाचता आलेले पहिले शब्द. ते स्टेन्सिल कापत, सायक्लोस्टाइलचा रूळ फिरवत, आणि मी ओले कागद सुटे करून खाटेवर पसरून ठेवत असे. शाळेत असतानाच मी "बंधूंनो"च्या पुढे "भगिनींनो" घाला म्हणून दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला होता, कारण पॅकिंगला बायका होत्या. त्यांनी ते घातलं आणि मग कधी काढलं नाही.

पत्रकाबद्दल त्यांचा एकच नियम होता. मालकाबद्दलसुद्धा खोटं लिहायचं नाही. ते म्हणत, "मालकाकडे वकील आहेत, पोलीस आहेत, पैसा आहे. आपल्याकडे काय आहे? आपण लिहिलेलं खरं निघतं, एवढंच." मी याच्यावर वाढले. घरात देवाचा फोटो होता, पण शपथ घ्यायची तर ती या वाक्याची.

त्या वर्षी कारखान्यात संप होता आणि संपाचं कारण आमच्याच खोलीत राहत होतं. माझा मामा. गिरणीत होता, गिरण्यांचा संप मोडला तेव्हा त्याची नोकरी गेली. मामी आणि मुलं मालवणकडे गावी, आणि हा आमच्याकडे. वडिलांनी त्याला कारखान्यात टेंपररी म्हणून चिकटवलं. टेंपररी म्हणजे सकाळी गेटवर उभं राहायचं, आत बोलावलं तर काम, नाही तर घरी. आज ना उद्या पर्मनंट होऊ, खोली बघू, मामीला आणू, हे तो माझ्या आईला रोज सांगायचा. आई त्याची मोठी बहीण. ती रोज "हो रे" म्हणायची.

हँडलांना चकाकी देणाऱ्या प्लेटिंग खात्याखाली एक मोठी टाकी होती. आत वर्षानुवर्षांचा गाळ, ॲसिडचा, तेलाचा. ती तुंबली आणि खातं बंद पडलं. पर्मनंट कामगारांनी उतरायला नकार दिला. ते त्यांचं काम नव्हतं आणि आतला वास घेतला तरी डोळे चुरचुरत. मग मॅनेजरनं टेंपररी पोरांना बोलावलं. म्हणाला, टाकी साफ करा, जे उतरतील त्या सगळ्यांना पर्मनंट करतो. मामा पहिला उतरला. बादल्यांनी गाळ काढला त्यांनी. तो घरी यायचा तेव्हा पायांची सालं निघालेली असायची आणि आई खोबरेल तेल लावता लावता मॅनेजरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. टाकी रिकामी होत आली तेव्हा शेवटी शेवटी तळाचं पाणी ओढायला कंपनीनं एक पंप आणला. काम संपल्यावर पोरं मॅनेजरकडे गेली. तो म्हणाला, "टाकी तुम्ही कुठे साफ केली? पंपानं केली."

यावर संप झाला. पर्मनंट कामगार टेंपररी पोरांसाठी बाहेर बसले. त्याचा मला फार अभिमान होता, पण त्यात थोडी शरमही होती हे मला कळत होतं. टाकीत उतरायला नाही म्हणणारे तेच होते.

त्या दिवसांत वडील गेटवर एक गोष्ट सांगायचे. कुठल्याशा अभ्यासवर्गात मिळालेल्या, कव्हर फाटलेल्या एका मराठी पुस्तिकेतली. ग्रीक पुराणातला एक महाबली वीर, त्याच्या वाट्याला बारा अशक्य कामं आलेली. त्यातलं एक काम म्हणजे एका राजाचा गोठा साफ करणं. हजारो गुरं, आणि वर्षानुवर्षं शेण काढलेलं नाही. राजा म्हणाला, एका दिवसात साफ केलास तर दहावा हिस्सा गुरं तुझी. या गड्यानं दोन नद्यांचा प्रवाह वळवला आणि गोठा धुऊन काढला. मजुरी मागायला गेला तर राजा म्हणाला, "तू कुठे साफ केलास? नदीनं केला." इथे गेटवर बसलेले सगळे एका आवाजात ओरडायचे, "पंपानं केला!" आणि पोलीससुद्धा हसायचे. मग न्यायसभा बसली. साक्षीला उभा राहिला राजाचाच मुलगा. भर सभेत बापाच्या तोंडावर म्हणाला, मजुरी कबूल केली होती, मी ऐकलंय. बापानं त्याला देशाबाहेर काढलं. वडिलांना नद्या वळवण्यापेक्षा हा मुलगा आवडायचा. मामालाही. तो दर वेळी मान डोलवून म्हणायचा, "राजाचो झील! राजाचोच झील हां!"

संप लांबला तशी माणसं दमली. आमच्या समोरच्या खोलीत लेथवर काम करणारे एक काका राहत. घरात अंथरुणाला खिळलेली आई. एके दिवशी नळावर ते वडिलांना म्हणाले, "भाऊ, दुसऱ्याच्या टाकीत आपण किती दिवस बुडायचं?" वडील भरलेली बादली उचलून घरात आले. तेवढ्यात कंपनीची नोटीस लागली की हेड ऑफिसचे नवे साहेब सोमवारी सकाळी गेटवर येऊन बोलणार, पर्मनंट कामगारांनी कामावर यावं. लेथवाले काका आत गेले तर त्यांच्यामागे निम्मं मशीन शॉप जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. आणि निम्मं मशीन शॉप आत गेलं की मामा कायमचा बाहेर.

अशा वेळी युनियनच्या अध्यक्षांना स्टेशनजवळच्या व्हिडिओ लायब्ररीत एक कॅसेट दिसली. कव्हरवर तेल चोपडलेला, दाढीवाला, हातात सोटा घेतलेला गडी. बारा कामांचा तोच तो वीर! अध्यक्ष धावत आमच्या खोलीत आले. "सोमवारच्या आधी रविवारी लावू यात चौकात. भाषणानं होत नाही ते पिक्चर करील. राजाचं तोंड बघू दे सगळ्यांना."

वडिलांचे डोळे चमकले. त्यांनी तिथेच स्टेन्सिल घेतलं.

मी म्हटलं, "बाबा, आधी एकदा बघून घेऊ या ना."

"कुठे बघणार? व्हीसीआर रविवारीच मिळणार."

"मग गोष्ट अमुक आहे असं छापू नका. नुसतं पिक्चर आहे म्हणा."

"अगं, पुराणातली गोष्ट आहे. उद्या कुणी रामावर पिक्चर काढला तर त्यात रावण जिंकेल काय?"

अध्यक्ष खो खो हसले आणि पत्रक निघालं. "रविवारी चौकात पाहा! घाण साफ करून घेऊन मजुरी बुडवणाऱ्या राजाचं काय झालं! सहकुटुंब या." ते दारोदार वाटलं. लेथवाल्या काकांच्या दारात मीच दिलं. त्यांनी वाचून घडी केली, खिशात ठेवलं. म्हणाले, "तू सांगणार ना? मग येतो."

रविवारी अंधार पडायच्या आत चौक भरला. कठड्यांवर बायका, खाली सतरंज्यांवर पुरुष. वडील आणि अध्यक्ष पुढच्या खुर्च्यांवर, कमिटीची माणसं माझ्या स्टुलाच्या मागे. मामा सगळ्यांत पुढे मांडी घालून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता, जणू त्याच्याच लग्नाची कॅसेट लागणार होती.

पिक्चर सुरू झाला आणि पाचएक मिनिटांतच मला कळलं की हा आपल्याला बुडवणार.

तो इतका वाईट होता. वीराची दाढी गालावर चिकटवलेली दिसत होती. ओठ एक बोलत, आवाज दुसराच येई. सिंह आला तो उशी भरलेल्या कातड्यासारखा, त्याच्याशी झुंजताना वीरच त्याला धरून हलवत होता. अनेक डोक्यांच्या सापाऐवजी पत्र्याचं यंत्र आलं आणि त्याच्या डोळ्यांत लाल बल्ब पेटत होते. वरून कुणीतरी ओरडलं, "अरे, आपल्या मंडळाचं डेकोरेशन चोरलं रे ह्यांनी!" चौक हसला. मामाला मात्र राग आला. "आमच्या दशावतारात एका पेटाऱ्यावर अख्खी लंका उभी ऱ्हवता," तो मागे वळून म्हणाला. "हेंका एक सिंह जमना नाय?"

मी सांगत होते. हसणं चाललं तर चालू दे, असं मी मनाला समजावत होते. गोठ्याचा प्रसंग आला की सगळं भरून निघेल.

गोठा आला.

पांढऱ्या खांबांचा, फरशी पुसलेला गोठा. त्यात मोजून दोन गायी, त्याही नुकत्या आंघोळ घातलेल्या. एका कोपऱ्यात पिवळं गवत. शेणाचा पो सुद्धा नाही. ज्या माणसांनी टाकीतला गाळ बादलीनं उपसला होता ती माणसं पुढ्यात बसून ते बघत होती.

"शेण खंय आसा?" मामानं विचारलं. कुणी हसलं नाही.

"आमच्या चाळीपेक्षा साफ आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

वीरानं एक दगड ढकलला, पाणी आलं, गायींच्या पायांवरून गेलं. झालं काम. घामसुद्धा नाही. मग झेंड्याच्या कापडासारखा झगा घातलेला राजा आला. मी माइक घट्ट धरला. आता तो म्हणणार होता, नदीनं केलं.

राजानं दोन्ही हात पसरले आणि वीराला मिठी मारली. इंग्रजीत म्हणाला, तू मला मुलासारखा आहेस, माग काय हवं ते. आणि तो बारा कामांचा वीर, ज्याच्यासाठी वडील आठवडेच्या आठवडे घसा फोडत होते, तो गुडघ्यावर बसला आणि त्यानं उत्तर दिलं.

मला ते उत्तर एका झटक्यात समजलं. समजलं नसतं तर बरं, असंही तेव्हा वाटलं.

टीव्हीचा आवाज बारीक होता. चौकात फक्त मी ऐकलं होतं. अध्यक्षांनी एकदा पिक्चरकडे, एकदा माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काय झालं ते ओळखलं. मागून येऊन, माइकला ऐकू जाणार नाही अशा बेतानं ते माझ्या कानाशी कुजबुजले, "नाही म्हणाला म्हण. राजा नाही म्हणाला. नदीनं केलं म्हण."

मी माइकवर हात ठेवला.

"बोल ना! कुणाला कळतंय?"

आणि तेव्हाच मामानं वर बघितलं. अगदी विश्वासानं. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मिठीचा अर्थही त्याला लागला नव्हता, आणि त्याची सगळी उद्याची सकाळ त्या एका वाक्यात होती.

"गो, राजा काय म्हणता?"

मी वडिलांकडे पाहिलं. ते पुढे वाकून, कोपर गुडघ्यांवर ठेवून पिक्चरकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी त्यांच्यासाठी खोटं सांगितलं असतं, आणि म्हणूनच त्यांनी पाहिलं नाही असं मला अजून वाटतं.

मी माइकमध्ये सांगितलं. "राजा म्हणतो, तू माझ्या मुलासारखा आहेस. माग काय हवं ते. आणि वीर म्हणतो, महाराज, तुमची सेवा घडली, हीच माझी मजुरी."

मग लेथवाले काका उठले. त्यांनी खिशातलं पत्रक काढलं, उलगडलं, वडिलांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "भाऊ, ह्यात लिहिलंय तसं काही झालं नाही." त्यांच्या मागे आणखी माणसं उठली. पिक्चर तसाच चालू होता. पत्र्याच्या यंत्राचा दुसरा कसलासा प्राणी आला होता आणि तो मी रिकाम्या सतरंज्यांना सांगत होते, कारण कुणीतरी काम दिलं की ते पुरं करायचं असतं.

घरी जेवायला बसलो तेव्हा मामानं ताट पुढे सरकवलं आणि म्हणाला भूक नाही. तो जिन्यात जाऊन बसला.

आईनं मला धरलं. "एक वाक्य होतं गं. एक वाक्य. त्या मेल्या पिक्चरमधला राजा काय तुझ्यावर केस करणार होता?"

"आई, ते खरं नव्हतं."

"आणि पोस्टातले इतकी वर्षं सांगत होते ते खरं होतं? कुणाचं काय बिघडलं? इथे माझा भाऊ रस्त्यावर येतोय."

"उद्या लोक तोच पिक्चर बोरीवलीत बघतील, मुलुंडला बघतील. कुणीतरी येऊन सांगेल की असं नव्हतंच. मग?"

"उद्याचं उद्या! उद्या सोमवार आहे!"

तिचं खोटं नव्हतं. माझ्याकडे तिला देण्यासारखं काही नव्हतं, फक्त वडिलांचं ते वाक्य होतं, आणि ते वडील भिंतीकडे तोंड करून बसले होते. आई त्यांच्याकडे वळली. "तुम्ही तरी बोला काहीतरी."

"काय बोलू?" ते म्हणाले. "छापलं मी. तिनं फक्त होतं ते सांगितलं."

मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. त्या पिक्चरचा. दूर कुठेतरी कुणीतरी बसून, एवढ्या जुन्या गोष्टीतून नेमकी मजुरीच काढून टाकली होती. राजाची लबाडी काढली, मुलाची साक्ष काढली, शेणसुद्धा काढलं. उरला काय, तर तेल लावलेला एक नोकर. असं करताना त्यांच्या मनात आमचा कारखाना नव्हता, हे मला कळतं. तरीही त्यांनी ते केलं, आणि ते घाटकोपरच्या चौकात येऊन आदळलं.

सोमवारी सकाळी मी वडिलांबरोबर गेटवर गेले. पत्रकं वाटायला नव्हती; घरात थांबवत नव्हतं म्हणून. कामगार दोन घोळक्यांत उभे होते आणि मधली जागा रिकामी होती. लेथवाले काका डबा घेऊन आले होते. डबा म्हणजे आत जायची तयारी. मामा टेंपररी पोरांबरोबर भिंतीला टेकून उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

नवे साहेब आले. तरुण, दिल्लीकडचे, टाय लावलेले. मॅनेजर त्यांच्या मागे. त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून ते इंग्रजीत बोलू लागले आणि कंपनीचा टाइमकीपर बाजूला उभा राहून मराठीत सांगू लागला.

"साहेब म्हणतात, झालं गेलं विसरा. सगळ्यांना आत घेणार. कुणावर कारवाई नाही."

घोळक्यात हालचाल झाली. मी इंग्रजी ऐकलं होतं. साहेब "सगळ्यांना" म्हणाले नव्हते. मी तोंड उघडायच्या आत एक हात वर झाला. लेथवाल्या काकांचा.

"टाइमकीपर, तुम्ही जरा थांबा. ह्या पोरीला सांगू दे."

अध्यक्ष खूष झाले. "बरोबर! आपली पोरगी सांगेल!"

काका त्यांच्याकडे वळले. "तुमची म्हणून नव्हे हो. काल तुम्ही तिच्या कानात काय सांगत होतात ते मी बघितलंय. मी काय आंधळा आहे? तरी तिनं ते सांगितलं नाही. म्हणून तिला सांगू दे." मग मला म्हणाले, "ये गं पुढे. कालच्यासारखं सांग. कमी नको, जास्त नको."

साहेबांनी खांदे उडवले, बोलू दे म्हणाले. मी गेटच्या पायरीशी गेले. साहेब एकेक वाक्य बोलत गेले आणि मी सांगत गेले.

"साहेब म्हणतात, पर्मनंट कामगारांना आजपासून आत घेणार. त्यांच्यावर कारवाई नाही." मी थांबले. "टाकीत उतरलेल्या टेंपररी मुलांना आत्ता घेणार नाहीत." मी पुन्हा थांबले. पुढचं वाक्य साहेबांनी हसून, मनापासून म्हटलं होतं. "साहेब म्हणतात, त्या मुलांनी मोठी सेवा केली. कंपनी एका कुटुंबासारखी आहे. कंपनी त्यांची आभारी आहे."

मग मागून एक आवाज आला, "आयला, हा तर कालचा पिक्चर!"

दोन्ही घोळके एकदम हसले. "महाराज!" कुणीतरी ओरडलं. "मिठी मारा, महाराज!" साहेब गोंधळून मॅनेजरकडे बघू लागले. लेथवाले काका हसत नव्हते. ते डबा हातात धरून तसेच उभे होते.

"पोरी, साहेबांना एक विचार. टाकी कुणी साफ केली?"

मी इंग्रजीत विचारलं. मॅनेजर चटकन पुढे झाला, पण साहेबांचं उत्तर आधीच तोंडातून निघालं होतं. त्यांना पंपाची गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती. प्रश्नाचंच त्यांना आश्चर्य वाटलं होतं.

"काय म्हणाले?"

"साहेब म्हणतात, या मुलांनीच. दुसऱ्या कुणी? आत्ताच तर मी सांगितलं, असं म्हणतात."

मॅनेजरनं मान खाली घातली. भिंतीपाशी मामा सरळ उभा राहिला. आदल्या संध्याकाळपासून तो माझ्याशी बोलला नव्हता, आता अख्ख्या गेटला ऐकू जाईल असं ओरडला, "राजाचो झील! गो, राजाचो झील इलो मगे!"

लेथवाल्या काकांनी मधली रिकामी जागा ओलांडली. टेंपररी पोरांपाशी जाऊन भिंतीला टेकून खाली बसले, डबा उघडला आणि पोळीचा तुकडा मोडून मामापुढे धरला. त्या दिवशी कुणी आत गेलं नाही.

संध्याकाळी वडिलांनी स्टेन्सिल कापलं. साहेब काय म्हणाले ते शब्दाला शब्द मला विचारून घेतलं. सगळ्यांत खाली त्यांनी आणखी काही ओळी घातल्या. "दुरुस्ती. रविवारच्या चित्रपटाबद्दल मागच्या पत्रकात आम्ही जे लिहिलं ते चित्रपटात नव्हतं. न बघता लिहिलं. चूक आमची."

अध्यक्ष वैतागले. "अहो भाऊ, आज हे कशाला? आज आपला दिवस आहे!"

"आज वाचतील," वडील म्हणाले आणि रूळ फिरवू लागले. मी कागद खाटेवर पसरायला घेतले. आई चहा घेऊन आली, ती ओळ तिनं उभ्या उभ्या वाचली, आणि एक कप माझ्या हातात दिला.

करार व्हायला आणखी काही आठवडे गेले, आणि ते सोपे नव्हते. पण पंपाचं नाव मॅनेजरनं पुन्हा काढलं नाही. साहेबांचं वाक्य सगळ्यांनी ऐकलं होतं. टाकीत उतरलेल्यांना पर्मनंट केलं. मामाला फोटो लावलेला पास मिळाला. उन्हाळ्यात मामी मुलांना घेऊन आली आणि वरच्या आळीत त्यांना खोली मिळाली. पहिल्याच रविवारी चौकात टीव्ही मांडलेला पाहून मामीनं विचारलं, तो सगळे बोलतात तो पिक्चर तरी कसा होता?

"भंगार," मामा म्हणाला. पायाची सालं अजून पुरती भरली नव्हती, तिथे तो खाजवत होता. "गोठ्यात शेणच नाय."